वॉर्ड शांत का होता?

१९४९ साली लंडनमधल्या काही नावाजलेल्या रुग्णालयांचे, मुलांच्या वॉर्डातील भेटीचे नियम एका साप्ताहिकात छापून आले होते. गाय्ज रुग्णालयात आईबापांनी रविवारी दुपारी दोन ते चार या वेळेत यावे. सेंट बार्थोलोम्यूजमध्ये बुधवारी दोन ते साडेतीन. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाही. मात्र संध्याकाळी सात ते आठ या वेळात मूल झोपलेले असताना त्याला पाहून जाता येई. वेस्ट लंडन रुग्णालयात भेट अजिबातच नाही.

हे वाचून आपल्याला नवल वाटते. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात गेलात, तर प्रत्येक खाटेवर मुलाच्या उशापायथ्याशी आई बसलेली दिसते. कधी आजी, कधी मावशी. डबा, थर्मास, चादर, सगळा संसार तिथेच. गर्दीमुळे डॉक्टर वैतागतात हे खरे, पण दोन वर्षांचे मूल एकटे खाटेवर आणि आई फाटकाबाहेर, असे दृश्य आपल्या कल्पनेत सहसा येत नाही. ब्रिटन-अमेरिकेत मात्र जवळपास अर्धशतक हाच रिवाज होता आणि तो दुष्टपणातून आलेला नव्हता. त्यामागे शास्त्र होते, निदान त्या काळचे शास्त्र होते. ते कुठे बरोबर होते आणि कुठे चुकले, हे शिक्षकांनी पाहण्यासारखे आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा तोच प्रश्न वेगळ्या रूपात आपल्या दारात आला.

हात लावू नका

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चर, कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे रोगजंतूंची कल्पना पक्की झाली. त्यापाठोपाठ डॉक्टरांच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. पाय मोडला म्हणून दाखल झालेले मूल शेजारच्या खाटेवरून आलेल्या गोवराने किंवा घटसर्पाने दगावत होते. एका बाळाला जुलाब लागले की चार दिवसांत सगळी खोली आजारी पडे. प्रतिजैविके अजून यायची होती आणि बहुतेक लसीही. हातात एकच उपाय होता, तो म्हणजे अंतर.

मग हा उपाय नेटाने राबवला गेला. मोठ्या खुल्या वॉर्डांच्या जागी काचेच्या पार्टिशनच्या छोट्या खोल्या आल्या. तोंडाला फडके, डोक्याला टोपी, वारंवार हात धुणे आणि मुलाला कमीत कमी स्पर्श, असा नियम झाला. अमेरिकेत तर अशी पेटीही तयार झाली होती की जिच्या भिंतीला बाह्या शिवलेल्या असत. परिचारिकेने बाहेरूनच त्या बाह्यांत हात घालून बाळाचे सर्व काही करायचे. बाहेरून आलेले आईबाप म्हणजे तर जंतूंचे गाठोडेच. तेव्हा त्यांना लांब ठेवणे ओघानेच आले.

ब्रिटनमध्ये साथीच्या तापांसाठी वेगळी रुग्णालये होती. स्कार्लेट फीवर, म्हणजे अंगावर लाल पुरळ आणि घशाला सूज आणणारा ताप, झालेले मूल तिथे साधारण सहा आठवडे राही. आईबाप खिडकीच्या काचेतून बघत. काही गावांत प्रत्येक मुलाला क्रमांक दिलेला असे आणि कोणत्या क्रमांकाचे मूल गंभीर आहे, कोणते सुधारते आहे, ते स्थानिक वर्तमानपत्रात छापून येई. आपले मूल कसे आहे, हे आईने पेपरात शोधायचे.

याच सुमारास मानसशास्त्रातूनही या रिवाजाला पाठबळ मिळाले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांच्या १९२८ सालच्या बालसंगोपनावरील पुस्तकात मुलांना मिठीत घेऊ नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, फार तर सकाळी हस्तांदोलन करावे, असा सल्ला होता. आज त्याचे हसू येते. पण जंतूंची भीती आणि ‘लाडाने मूल बिघडते’ ही समजूत या दोन्ही एका दिशेने बोलू लागल्यावर आईची बाजू घेणार कोण?

ताप घरी गेल्यावर उतरतो

पहिली शंका आली ती याच शिस्तीत वाढलेल्या काही डॉक्टरांना. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ हॅरी बॅकविन यांनी १९४२ साली तान्ह्या मुलांच्या एकाकीपणावर एक लेख लिहिला. एका वैद्यकीय नियतकालिकात ‘एकाकीपणा’ हा शब्द, तोही बाळांच्या संदर्भात, हे तेव्हा धाडसच होते. त्यांनी पाहिले होते ते असे. रुग्णालयात दीर्घकाळ राहिलेली बाळे व्यवस्थित आहार मिळूनही वजन धरत नाहीत. ती हसत नाहीत, आवाज काढत नाहीत. बारीक ताप महिनोन्महिने हटत नाही. आणि घरी पाठवले की काही दिवसांतच तो उतरतो. घरात तर रुग्णालयापेक्षा जंतू जास्तच!

बेलव्ह्यूमध्ये पूर्वी वॉर्डाच्या दारावर आत येण्याआधी दोनदा हात धुण्याची सूचना लावलेली असे. बॅकविन यांनी ती काढून वेगळी पाटी लावली: बाळाला उचलून घ्यायचे नसेल तर कोणीही या खोलीत येऊ नये. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जेम्स स्पेन्स यांनी त्याआधीच, १९२०च्या दशकात, आजारी बाळांबरोबर आयांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली होती. पण ही माणसे अपवाद होती.

१९४५ साली रेने स्पिट्झ यांनी दोन संस्थांमधल्या बाळांची तुलना प्रसिद्ध केली. एक होती सोडून दिलेल्या मुलांची संस्था. तिथे स्वच्छता चोख, आहार उत्तम, डॉक्टरांची रोज फेरी. पण आठ-आठ बाळांमागे एक परिचारिका. खाटांच्या कडांना चादरी टांगलेल्या, त्यामुळे बाळाला दिसणार ते फक्त छत. दुसरी संस्था होती स्त्रियांच्या तुरुंगातले शिशुगृह. तिथे प्रत्येक बाळाचे सगळे त्याची कैदी आईच करी. पहिल्या संस्थेतल्या ९१ बाळांपैकी ३४ बाळे दोन वर्षांच्या काळात दगावली. तुरुंगातले एकही नाही.

हा आकडा इतका मोठा आहे की तो ऐकून वाद संपायला हवा होता. तो संपला नाही, आणि त्याला काही रास्त कारणेही होती. दोन्ही संस्थांतली मुले वेगळ्या पार्श्वभूमीची होती, निरीक्षणाचा तपशील अपुरा होता आणि मृत्यूंत गोवराच्या साथीचा वाटा मोठा होता. १९५५ साली सॅम्युएल पिनो यांनी स्पिट्झ यांच्या पद्धतीची कठोर चिकित्सा केली. एकाच वेळी चार गोष्टी वेगळ्या असताना त्यांतल्या एकीला कारण ठरवता येत नाही, हे आपण आठवीच्या मुलांना प्रयोग शिकवताना सांगतोच. तो नियम आपल्याला पटलेल्या निष्कर्षालाही लावावा लागतो.

बॉयलर सांभाळणारा निरीक्षक

वाद पुढे सरकला तो आकड्यांनी नव्हे, तर एका माणसाच्या बारीक निरीक्षणाने. जेम्स रॉबर्टसन स्कॉटलंडचे, कामगार कुटुंबातले. दुसऱ्या महायुद्धात अॅना फ्रॉइड यांनी लंडनमध्ये निराधार व बेघर मुलांसाठी पाळणाघरे चालवली होती. तिथे ते बॉयलर पेटवणे आणि पडेल ते दुरुस्तीचे काम करत. त्यांची पत्नी जॉईस मुलांना सांभाळी. तिथल्या प्रत्येक माणसाने, स्वयंपाक्यानेसुद्धा, मुलांबद्दल जे दिसेल ते कागदाच्या तुकड्यावर टिपून द्यायचे, अशी अॅना फ्रॉइड यांची पद्धत होती. रॉबर्टसन निरीक्षण शिकले ते तिथे.

१९४८ साली जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना आपल्या संशोधनात घेतले आणि रुग्णालयातल्या लहान मुलांकडे पाहण्याचे काम दिले. रॉबर्टसन मुलांच्या वॉर्डात तासन् तास बसू लागले. डॉक्टर दिवसातून एकदा फेरी मारत. परिचारिका कामाच्या धबडग्यात असत. एका जागी बसून फक्त बघणारा माणूस तिथे पूर्वी कधी आलाच नव्हता.

त्यांना दिसले ते असे. घरापासून तुटलेले एक ते चार वर्षांचे मूल प्रथम आक्रोश करते. दाराकडे बघत राहते, आईला हाका मारते, परिचारिकेला झिडकारते. हा काळ काही तासांचा किंवा काही दिवसांचा. मग ते थकते. रडणे कमी होते, खाणे मंदावते, एखादे फडके कुरवाळत ते पडून राहते. मूल ‘आता शांत झाले’ अशी नोंद होते ती इथे. राहणे लांबले तर तिसरी पायरी येते आणि ती सगळ्यात फसवी असते. मूल पुन्हा खेळू लागते, जेवू लागते, खाऊ देणाऱ्या कोणाकडेही हसून जाते. ‘रुळले बघा’ असे सगळे म्हणतात. मग रविवारी आई येते आणि मूल तिच्याकडे बघतही नाही. तिने आणलेल्या पिशवीत काय आहे एवढेच बघते.

विरोध, निराशा आणि अलिप्तता अशी नावे पुढे या तीन पायऱ्यांना मिळाली. भेटीच्या वेळा कमी ठेवण्याचे एक कारण परिचारिका असे सांगत की आईबाप येऊन गेले की मुले रडतात, म्हणजे भेटीने त्यांना त्रासच होतो. निरीक्षण अचूक होते. पण अर्थ उलटा लावला गेला होता. भेटीच्या दिवशी मूल रडे, ते आतून अजून तुटलेले नव्हते म्हणून. वॉर्ड शांत असणे ही व्यवस्थेची खूण समजली जात होती.

रॉबर्टसन यांचे म्हणणे डॉक्टर ऐकून घेईनात. निवडक उदाहरणे सांगता, असा आक्षेप येई. म्हणून त्यांनी एक चित्रफीत काढायचे ठरवले. यापूर्वी त्यांनी कॅमेरा हातात धरलेला नव्हता. प्रतीक्षायादीतून एक मूल चिठ्ठी टाकावी तसे निवडले गेले. ती निघाली अडीच वर्षांची एक मुलगी. बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस राहणार होती. चित्रण रोज ठरलेल्या वेळीच करायचे आणि भिंतीवरचे घड्याळ चित्रात दिसू द्यायचे. रडण्याचेच क्षण वेचले, असे मग कोणी म्हणू शकणार नव्हते.

योगायोगाने ही मुलगी रडणाऱ्यांतली नव्हती. ती वयाच्या मानाने फारच संयमी होती. अधूनमधून, खेळता खेळता, हळू आवाजात ‘आई कुठे आहे’ असे विचारायची आणि लगेच चेहरा सरळ करायची. रॉबर्टसन यांना प्रथम वाटले, आपले काम फसले. प्रत्यक्षात चित्रफितीचे बळ याच गोष्टीत होते. घरी निघताना तिने आपल्या सगळ्या वस्तू, फाटके पुस्तकसुद्धा, गोळा करून घेतल्या. पण आईने पुढे केलेला हात मात्र धरला नाही.

नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये ही फीत दाखवली गेली. सभा संतापली. हे मूल अपवादात्मक आहे, आमच्या वॉर्डात असे होत नाही, हा रुग्णालयांचा अपमान आहे, अशी टीका झाली. रागावलेल्यांत डर्मॉड मॅकार्थी नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. पुढे त्यांनीच सांगितले आहे की परत आपल्या वॉर्डात गेल्यावर तेच त्यांना दिसू लागले, इतकी वर्षे न दिसलेले. त्यांनी अॅमरशॅमच्या आपल्या रुग्णालयात आयांना मुलांबरोबर राहू द्यायला सुरुवात केली, आणि रॉबर्टसन यांची १९५८ची दुसरी चित्रफीत तिथेच चित्रित झाली.

आता तुम्ही विचाराल, जंतूंचे काय? ती भीती खोटी नव्हती. पण १९४९ सालीच ब्रिटनमधल्या एका पाहणीत असे आढळले होते की रोज भेटीची मुभा असलेल्या वॉर्डांत संसर्ग वाढलेला नाही. पेनिसिलिनही आले होते. तरी नियम दहा वर्षे तसेच राहिले, कारण तोवर ते जंतूंसाठी उरले नव्हते. ते सोयीचे झाले होते. १९५९ साली हॅरी प्लॅट यांच्या समितीने मुलांना भेटण्यावर बंधन नसावे आणि लहान मुलांबरोबर आईला राहता यावे, अशी शिफारस केली. सरकारने ती मान्य केली, रुग्णालयांनी ती फायलीत ठेवली. १९६१ साली आयांनीच संघटना काढून वॉर्डावॉर्डाचे नियम विचारायला सुरुवात केली, तेव्हा कुठे हळूहळू दारे उघडली.

आई नसेल तर कोण?

या गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. बोल्बी यांच्या लेखनातून बऱ्याच जणांनी असा अर्थ काढला की आईपासून थोडा काळ जरी मूल दूर झाले तरी जन्माचे नुकसान होते. नोकरी करणाऱ्या आयांना याचा फार जाच झाला. पण रॉबर्टसन पतिपत्नींनीच १९६०च्या दशकात पुढचे काम केले. आई बाळंतपणासाठी रुग्णालयात गेलेली अशी चार लहान मुले त्यांनी एकेक करून आपल्या घरी सांभाळली. त्यांची घरची अंथरुणे, सवयी, आवडते पदार्थ, सगळे आधी विचारून घेतले. आईचा फोटो रोज दाखवला. ही मुले कुरकुरली, पण मोडली नाहीत. त्याच वयोगटातला सतरा महिन्यांचा एक मुलगा मात्र नऊ दिवस एका चांगल्या शिशुगृहात राहिला. तिथल्या तरुण परिचारिका प्रेमळ होत्या, पण दर पाळीला बदलत. तो एकीला धरू पाही तोवर ती जाई. आई आली तेव्हा तो तिच्याकडे जाईना.

म्हणजे ताटातूट एवढेच कारण नव्हते. हाताशी एक कायमचे माणूस होते की नाही, यावर पुष्कळ अवलंबून होते. १९४६ साली ब्रिटनमध्ये जन्मलेल्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या जे. डब्ल्यू. बी. डग्लस यांनी १९७५ साली दाखवले की लहानपणी दीर्घकाळ किंवा वारंवार रुग्णालयात राहिलेल्या मुलांत पुढे वर्तनाच्या व वाचनाच्या अडचणी अधिक दिसतात. छोट्या, एकदाच झालेल्या मुक्कामाचा तसा मागमूस राहत नाही, हे मायकेल रटर आणि डेव्हिड क्विंटन यांच्या कामातूनही पुढे आले.

पुन्हा अंतर

२०२० साली कोविडची साथ आली आणि जुना प्रश्न जवळपास जशाच्या तसा परतला. बाधित आईच्या नवजात बाळाला तिच्याजवळ ठेवायचे का? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एप्रिल २०२० मध्ये तात्पुरते वेगळे ठेवण्याचा सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटना मात्र एकत्र ठेवा, स्तनपान चालू ठेवा, असे सांगत होती. माहिती जमत गेली तशी जुलैमध्ये अमेरिकन संघटनेनेही आपला सल्ला बदलला. १९४९ नंतर दहा वर्षे लागली होती, या वेळी तीन महिने.

शाळांचे तसे झाले नाही. महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून उघडायला परवानगी मिळाली. काही शहरांत त्याहूनही उशिरा. म्हणजे वीस महिन्यांहून अधिक. सुरुवातीला हा निर्णय चूक होता असे मी म्हणणार नाही. विषाणू नवा होता, लस नव्हती, घरात आजी-आजोबा होते. पण रोजच्या बाधितांचा आकडा दररोज संध्याकाळी जाहीर होत होता, आणि मुलांच्या मनाचा असा कोणताच आकडा कुणाकडे नव्हता.

जे थोडे मोजले गेले ते असे. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या शान्शी प्रांतात ३२० मुलांच्या पाहणीत सर्वांत ठळकपणे आढळले ते आईबापांना चिकटून राहणे, लक्ष न लागणे आणि चिडचिड. चिकटून राहणे तीन ते सहा वर्षांच्या मुलांत अधिक. इटली व स्पेनमधल्या १,१४३ मुलांच्या पालकांना विचारले, तेव्हा ८५.७ टक्के पालकांनी मुलांच्या वागण्यात बदल झाल्याचे सांगितले. लक्ष लागत नाही असे ७६.६ टक्के म्हणाले, एकाकी वाटते असे ३१.३ टक्के. जगभरातल्या २९ अभ्यासांतल्या सुमारे ८१ हजार मुलांची आकडेवारी २०२१ साली एकत्र केली, तेव्हा दर चारांत एकाला नैराश्याची आणि पाचांत एकाला चिंतेची लक्षणे दखल घेण्याइतकी दिसली. साथीपूर्वीच्या अंदाजांच्या हे जवळपास दुप्पट होते.

हे आकडे स्पिट्झ यांच्या आकड्यांसारखेच जपून वाचायला हवेत. पुष्कळ पाहण्या इंटरनेटवरून झाल्या, म्हणजे ज्यांच्याकडे फोन आणि सवड होती त्यांच्याच. इटली-स्पेनचे उत्तर पालकांचे आहे, मुलांचे नाही. लक्ष न लागणे पालकाला दिसते, कारण ते त्याच्या कामात अडथळा आणते. एकाकीपणा अडथळा आणत नाही. शिवाय रुग्णालयाशी केलेली तुलनाही एका मर्यादेपर्यंतच चालते. तिथे मूल आईपासून तुटले होते. इथे बहुतेक मुले आईजवळच होती आणि तुटले होते ते सवंगड्यांपासून, बाईंपासून, गल्लीपासून. काही मुलांना तर घरचा सहवास या काळात पहिल्यांदाच भरपूर मिळाला आणि ती खुलली. काहींच्या घरात मात्र रोजगार गेला, माणसे गेली.

मार्च २०२० मध्ये तीन वर्षांची असलेली मुले अंगणवाडीत न बसताच मोठी झाली. ती अजून आपल्याच शाळांत आहेत. त्यांच्यातले दंगा करणारे कोण हे प्रत्येक शिक्षकाला नावानिशी माहीत असते. बाकीच्यांसाठी रॉबर्टसन यांची रीत वापरून पाहता येईल, तिला कॅमेराही लागत नाही. वर्गातल्या एका मुलाचे नाव चिठ्ठी टाकून काढा. दोन आठवडे, रोज त्याच ठरलेल्या वेळी, समजा मधली सुट्टी सुरू झाल्यावर पाच मिनिटे, ते कुठे आहे, कुणाजवळ आहे, कुणाशी बोलते आणि कोण त्याच्याशी बोलते, एवढेच वहीत वेळेसह लिहा. ‘रुळले’, ‘हट्टी’, ‘गुणी’ असे शब्द लिहायचे नाहीत. मग दुसरी चिठ्ठी काढा.